गळाची काठी, रीळ आणि तंगूस : गोड्या पाण्याच्या तळ्यासाठी साधनांची निवड

गुरुग्राम, झज्जर, रोहतक, फरिदाबाद आणि गाझियाबाद या दिल्लीभोवतालच्या पट्ट्यात तळी राखणाऱ्या मत्स्यशेतकऱ्यापुढे आज दोन मार्ग आहेत. मासा जाळ्याने काढून गाझीपूरच्या बाजारात पाठवावा, हा रुळलेला मार्ग. सुट्टीच्या दिवशी शहरातून येणाऱ्या पाहुण्याला शुल्क आकारून तळ्याकाठी गळ टाकू द्यावा, हा दुसरा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने मनोरंजनात्मक मत्स्यव्यवसायाला आपल्या घटकांत स्थान दिल्याने हा दुसरा मार्ग केवळ हौसेचा राहिलेला नाही. महाराष्ट्रात शेततळे आणि कृषी पर्यटन यांची सांगड घालणाऱ्या शेतकऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न येतो.

या व्यवसायाची आखणी करताना तळ्याचे अस्तर, बीज, खाद्य आणि पाहुण्यांची बैठक या सर्वांचा विचार होतो. गळाची साधने मात्र बाजारात जी मिळतील ती डझनावारी आणली जातात. येथेच नुकसानीला आरंभ होतो. दोर तुटून तोंडात गळ घेऊन गेलेला तीन किलोंचा रोहू पाहुण्याच्या लेखी केवळ हुकलेला मासा असतो. मालकाच्या लेखी ते अनेक हंगामांचे खाद्य खाऊन वाढलेले भांडवल असते. असा मासा खाणे सोडतो, जखमेला बुरशी धरते आणि काही दिवसांनी तो काठाला लागतो. साधनांची निवड ही म्हणून पाहुण्याच्या आवडीनिवडीवर सोडण्याची बाब नव्हे. ती तळ्याच्या व्यवस्थापनाचाच भाग आहे.

आधी मासा, मग साधन

दुकानात जाण्यापूर्वी तळ्यात काय आहे याची यादी हाती असावी. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते आणि तो पृष्ठभागाजवळ चरतो. रोहू मधल्या थरात असतो, तर मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. मिश्र मत्स्यशेतीचा हा प्राथमिक धडा प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याला पाठ आहे, परंतु तोच धडा गळालाही लागू पडतो हे सहसा सांगितले जात नाही. कटल्यासाठी तरंगत्या बुचाखाली उथळ पाण्यात सोडलेले आमिष लागते, म्हणजे हलके वजन आणि ते फेकू शकणारी लवचीक काठी. मृगळ आणि सायप्रिनससाठी शिशाचे वजन तळाशी बसवावे लागते, म्हणजे काठी थोडी दमदार हवी. पाणवनस्पतींच्या जाळीत दडून राहणारा मरळ हे तिसरेच प्रकरण आहे. तो हवेतूनही श्वास घेत असल्याने गढूळ, उथळ पाण्यात सुखाने राहतो, बेडकासारख्या हलत्या आमिषावर झडप घालतो आणि गळ लागताच वनस्पतींत घुसतो. त्याला तेथून बाहेर खेचण्यासाठी ताठ काठी आणि मुळीच न ताणणारा दोर पाहिजे. एकच संच या तिन्ही कामांना पुरेल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र ज्या तळ्यात केवळ भारतीय प्रमुख कार्प आणि सायप्रिनस आहेत तेथे एका मध्यम संचावर बहुतेक काम भागते, आणि बहुसंख्य शेततळी याच प्रकारची असतात.

हवामानाचाही विचार हवा. दिल्लीकडील डिसेंबर-जानेवारीत पाणी इतके गार होते की कार्प माशांची भूक मंदावते. तेव्हा तळ्याकाठी दिवसभर बसलेला पाहुणा रिकाम्या हाताने परततो आणि दोष काठीला देतो. मे-जूनमध्ये याउलट अडचण येते. पाणी तापलेले असते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि पहाटेच्या सुमारास तर तो सर्वांत कमी असतो. अशा पाण्यात मासा दीर्घकाळ झुंजत ठेवला तर सुटल्यावरही तो जगेल याची खात्री देता येत नाही. महाराष्ट्रातील तळ्यांना पहिली अडचण फारशी भासत नाही, दुसरी मात्र विदर्भ-मराठवाड्यात तितकीच तीव्र आहे.

तंगूस : सर्वांत स्वस्त, सर्वांत निर्णायक

तीन साधनांपैकी दोर हा सर्वांत कमी खर्चाचा भाग. पण मासा आणि माणूस यांच्यातील दुवा तोच असल्याने निवडीचा आरंभ दोरापासून करावा, काठीपासून नव्हे. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला एकधागी नायलॉनचा, ज्याला महाराष्ट्रातील मच्छीमार तंगूस म्हणतात. दुसरा फ्लुओरोकार्बनचा. तिसरा पॉलिएथिलीनचे अतिसूक्ष्म तंतू एकत्र विणून केलेला, ज्याला दुकानदार ब्रेड म्हणतात.

तंगूस ताणला असता लांबतो आणि नवशिक्या हातांसाठी हाच त्याचा गुण आहे. पाहुण्याने घाबरून जोराचा हिसका दिला तरी दोराची लवचीकता तो धक्का गिळते; माशाचे ओठ फाटत नाहीत. तंगूस पाणी शोषतो आणि ओला झाल्यावर त्याची ताकद काहीशी घटते, हे मात्र हिशेबात धरावे. उन्हातील अतिनील किरणांनी तो ठिसूळ होतो. दुकानाच्या दर्शनी काचेत वर्षभर लटकलेले बंडल स्वस्तात मिळते म्हणून घेणे, हा या व्यवहारातील सर्वांत महाग सौदा ठरतो.

फ्लुओरोकार्बनचा अपवर्तनांक सुमारे १.४२ आहे. पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा साधारण १.५३ असल्याने फ्लुओरोकार्बन पाण्यात कमी दिसतो. त्याची घनता १.७८ असल्याने तो बुडतोही लवकर. नितळ पाण्याच्या धरणात हे गुण उपयोगी पडतात. शेणखत घालून हिरवे केलेल्या शेततळ्यात दोन वितींपलीकडचे काही दिसत नाही. तेथे न दिसणाऱ्या दोरासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ब्रेड दोर त्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी मजबूत असतो, जवळजवळ ताणत नाही आणि पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगतो. मरळासाठी तो उत्तम. नवशिक्या पाहुण्याच्या हाती मात्र तो देऊ नये. ताणाखाली तो बोटे कापतो, आणि हिसका बसला तर माशाच्या तोंडातून गळ मांसासकट उपटून काढतो.

कार्प माशांच्या तळ्यासाठी ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस योग्य ठरतो. या जाडीच्या बऱ्या प्रतीच्या दोराची ताकद साधारणपणे सहा ते नऊ किलोंच्या दरम्यान असते. वेष्टनावर ती अनेकदा पौंडांत छापलेली आढळते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. वेष्टनावरील आकड्यावर विसंबण्यापेक्षा दोराची परीक्षा घेणे चांगले, आणि ती अवघड नाही. दोराचा तुकडा क्षणभर पाण्यात भिजवावा, एका टोकाला गळ बांधावा, तो भाजीवाल्याकडे असतो तशा कमानीच्या काट्यात अडकवावा आणि दुसरे टोक लाकडाला गुंडाळून सावकाश ओढावे. या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा, कारण तुटताना गळ उलटा येतो. बहुतेक वेळा दोर गाठीपाशीच तुटतो आणि काट्याने दाखवलेला आकडा वेष्टनावरील आकड्याहून कमी निघतो. शेतकरी मेळाव्यात हे प्रात्यक्षिक पाच मिनिटांत दाखवता येते.

गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने वा पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि नायलॉन तेथेच दुबळा होतो. अनुभवी कोळी ही गोष्ट सवयीने करतात. कारण त्यांना विचारले तर ‘असेच करतात’ एवढेच उत्तर मिळते.

हौशी मंडळींत एक समज दृढ आहे, तो येथे तपासला पाहिजे. दोर जितका बारीक तितका खेळ खिलाडूपणाचा, असे म्हटले जाते. माशाच्या बाजूने पाहिले तर हे उलट आहे. बारीक दोरावर मासा ओढून आणता येत नाही, त्याला दमवावेच लागते. दमवणे म्हणजे त्याच्या स्नायूंत दुग्धाम्ल साठेपर्यंत झुंजवणे. पाच मिनिटांत काठावर येणारा मासा वीस मिनिटे घेतो आणि उन्हाळ्याच्या पाण्यात त्याला पुन्हा सावरता येत नाही. मासा परत सोडायचा असेल तर दोर पुरेसा जाड असणे हीच त्याच्यावरची दया आहे.

काठीची परीक्षा

बांबूची साधी काठी आजही हद्दपार झालेली नाही आणि होऊ नये. तिला रीळ नसते. काठीइतक्याच लांबीचा दोर टोकाला बांधलेला असतो. मुलांना लहान तिलापिया धरण्यासाठी याहून चांगले आणि स्वस्त साधन नाही. मोठा मासा लागला तर मात्र दोर सोडण्याची सोय नसल्याने काठी तरी मोडते किंवा दोर तरी तुटतो.

रीळ बसवण्याच्या काठ्या मुख्यतः काचतंतूच्या किंवा कार्बनतंतूच्या असतात. काचतंतूची काठी जड, पण सोशिक. ती मोटारीच्या दारात सापडली, कुणी तिच्यावर पाय दिला तरी बहुधा टिकते. कार्बनची काठी, जिला दुकानात ग्रॅफाइट असेही म्हणतात, हलकी आणि संवेदनशील असते. माशाचा हलकासा चावाही हातात जाणवतो. पण दगडावर आपटल्याने पडलेली केसाएवढी चीर पुढच्या मोठ्या माशाला तिचे दोन तुकडे करते. भाड्याने देण्यासाठी काठ्या घ्यायच्या असतील तर काचतंतूची किंवा दोन्ही तंतूंच्या मिश्रणाची काठी हा शहाणपणाचा निर्णय. कार्बनची काठी ज्याने त्याने स्वतःची आणावी.

कार्बनबाबत याहून गंभीर एक गोष्ट आहे. कार्बनतंतू विजेचा वाहक आहे. दिल्लीभोवतालच्या शेतांवरून, तशाच महाराष्ट्रातील शेतांवरूनही, ११ केव्हीच्या उघड्या वाहिन्या गेलेल्या असतात आणि अनेक तळी त्यांच्या लगतच खोदलेली असतात. फेकीसाठी मागे उगारलेली तीन मीटरची काठी वाहिनीजवळ पोहोचली तर स्पर्श होण्याआधीही वीज झेप घेऊ शकते. बांबू आणि काचतंतूही ओले असताना सुरक्षित नाहीत. वाहिनीपासून निदान ३० मीटरपर्यंत गळ टाकण्यास मनाई असावी, तसा फलक मोठ्या अक्षरांत लावावा, आणि आकाशात गडगडाट सुरू होताच सर्व काठ्या जमिनीवर आडव्या ठेवायला लावाव्यात. विस्तार कार्यकर्त्याने तळ्याला भेट देताना पाण्याकडे पाहण्याआधी एकदा वर पाहावे.

लांबीविषयी फार काथ्याकूट करण्याची गरज नाही. शेततळ्याला २.१ ते २.४ मीटरची काठी पुरते. दमदमासारख्या मोठ्या तलावावर काठावरून दूर फेकायचे असेल तर २.७ ते ३ मीटरची बरी. काठीच्या मुठीजवळ ती किती वजन फेकू शकते ते ग्रॅममध्ये छापलेले असते. १० ते ३० ग्रॅम हा आकडा कार्प माशांच्या तळ्यासाठी सोयीचा. टोकापासून मध्यापर्यंत वाकणारी काठी घ्यावी; केवळ टोकाशी वाकणारी काठी मरळासाठी ठीक, पण कार्पच्या ओढीला ती धक्के देते.

खरेदी करताना कापसाचा एक बोळा खिशात असावा. काठीवरील प्रत्येक कडीच्या आतून तो फिरवावा. जेथे कापसाचे तंतू अडकतात तेथे कडीला चीर आहे, आणि ती चीर महिन्याभरात नवा दोर कापून काढते. दुकानदार विचित्र नजरेने पाहील, पाहू द्यावे.

रीळ : ड्रॅगची चकती महत्त्वाची

रिळाचे प्रकार अनेक असले तरी नवशिक्यांच्या तळ्यावर एकच प्रकार चालतो. स्थिर स्पूलचे रीळ, ज्याला दुकानात स्पिनिंग रीळ म्हणतात. १९०५ साली इंग्लंडमधील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी या तत्त्वाच्या रिळाचे पेटंट घेतले. सूतगिरणीतील चातीवरून सूत उलगडते तसा दोर न फिरणाऱ्या स्पुलाच्या कडेवरून सुटत जातो, त्यामुळे फेकताना गुंता कमी होतो. फिरत्या ढोलाचे रीळ ताकदवान असते खरे, पण अंगठ्याने ढोल रोखण्याची सवय नसेल तर पहिल्याच फेकीत दोराचे घरटे होते.

आकारासाठी उत्पादक जे क्रमांक देतात त्यांतील २५०० ते ४००० या दरम्यानचे रीळ वर सांगितलेल्या तंगुसाला जुळते. विक्रेते बेअरिंगची संख्या वाढवून सांगतात. तिच्यावर भुलू नये. पाहायचा असतो तो ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीला दोर आपोआप सोडणारी चकती. स्पूल हाताने ओढून पाहावा. दोर सारख्या गतीने, अडखळ न येता सुटला पाहिजे. प्रथम अडकून मग झटक्याने सुटणारा ड्रॅग दोर तोडतो, मग रीळ कितीही चकाकणारे असो.

ड्रॅग किती आवळावा याचे उत्तरही कमानीच्या काट्यानेच मिळते. काठी ४५ अंशांत धरून, कड्यांतून ओवलेल्या दोराचे टोक काट्याला बांधून एकाने हळूहळू ओढावे. दोराच्या ताकदीच्या चौथाई ते एक तृतीयांश ओढीला स्पूल फिरू लागला पाहिजे. सहा किलोंच्या दोराला हा आकडा दीड ते दोन किलो येतो. पाहुण्याच्या हाती काठी देण्याआधी मालकाने हे रोज सकाळी पाहून ठेवावे. पाहुणे ड्रॅगची चकती फिरवून घट्ट करतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. चकतीवर रंगाची खूण केली तर फिरवलेली लगेच ध्यानात येते.

स्पूल काठोकाठ भरू नये. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा राखावी. फार कमी भरला तर दोर कडेला घासून फेक तोकडी पडते.

रोहतक-झज्जर भागातील शेतकऱ्यांसाठी येथे एक वेगळी सूचना आहे. या भागातील भूजल अनेक ठिकाणी खारे आहे. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे रोहतकजवळील लाहली येथील केंद्र अशाच क्षारयुक्त पाण्यातील मत्स्यशेतीवर काम करते. या पाण्याच्या तळ्यावर गोड्या पाण्याचे स्वस्त रीळ एका हंगामात गंजते. रोज संध्याकाळी रीळ गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावे. पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, कारण त्याने मीठ आत ढकलले जाते. रात्रभर ठेवताना ड्रॅगची चकती सैल करावी.

गळाविषयी

एकाच टोकाचा, काटा नसलेला गळ घ्यावा. तसा न मिळाल्यास पकडीने काटा चेपून टाकावा. मासा निसटण्याचे प्रमाण थोडे वाढते, पण सोडवताना होणारी जखम पुष्कळच कमी होते. शिवाय तोच गळ कधीतरी पाहुण्याच्या बोटात रुततो, तेव्हा काटा नसल्याचे महत्त्व पटते. मासा उचलताना हात ओले असावेत. कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो, आणि तो थर म्हणजे रोगजंतूंविरुद्धची त्याची पहिली भिंत असते.

पवई, वळवण आणि कावेरी

महाराष्ट्रात गळाच्या मासेमारीला संस्थात्मक रूप मिळाले ते प्रामुख्याने मुंबईच्या पवई तलावावर. १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव पुढे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनमुळे गळकरांचे केंद्र झाला. शहर वाढले, सांडपाणी आणि जलपर्णी आली, आणि तलाव जपण्याचा प्रश्न गळकरांच्याही गळ्याशी आला.

महासीरची कथा याहून बोधक आहे. महाराष्ट्रात खडशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दख्खनी महासीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले. महाडजवळ वाळणकोंडीत हे मासे देवाचे म्हणून राखले जातात. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळच्या वळवण येथे, टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या मत्स्यबीज केंद्रात, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या माशाच्या कृत्रिम प्रजननाचे मोलाचे काम केले. तेथील बीज अनेक राज्यांतील जलाशयांत गेले, आणि कावेरीतही सोडले गेले. कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर मात्र त्यानंतर घटत गेला. हे उघडकीस आले ते गळकरांच्या नोंदवह्यांतून. १९९८ ते २०१२ या काळात कावेरीकाठच्या मासेमारी शिबिरांत गळाला लागलेल्या माशांची जात आणि वजन लिहून ठेवले होते. त्या आकड्यांवरून बाहेरून आलेला महासीर वाढला आणि मूळचा जवळपास दिसेनासा झाला, हे संशोधकांना दाखवता आले. कुबडा महासीर आज जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

यातून शेतकऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पाहुण्यांना आकर्षण म्हणून परमुलुखातला मासा तळ्यात आणू नये; पावसाळ्यात तळे फुटते आणि मासा ओढ्याला लागतो. थाई मांगूरवर तर देशात बंदीच आहे. आणि तळ्याकाठी एक वही ठेवावी. तारीख, माशाची जात, वजन, दोराची जाडी, मासा किती मिनिटांत काठावर आला, सोडला की ठेवला, एवढे रकाने पुरेत. वर्षाअखेरीस कोणता संच माशाला आणि खिशाला परवडतो ते वहीच सांगेल.

परवानगी आणि उरलेला दोर

स्वतःच्या तळ्याबाहेर गळ टाकण्यापूर्वी पाणी कोणाचे आहे हे विचारावे. हरियाणातील गावतळी पंचायती मत्स्यशेतीसाठी पट्ट्याने देतात आणि महाराष्ट्रातील जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात; तेथील मासा पट्टेदाराचा किंवा संस्थेचा असतो. सुलतानपूर आणि भिंडावास ही २०२१ साली रामसर यादीत आलेली पाणथळे, तसेच ओखल्याचे पक्षी अभयारण्य, या संरक्षित जागा आहेत. तेथे मासेमारीचा विचारही करू नये. दिल्ली शहरातून वाहणाऱ्या यमुनेच्या पट्ट्यातील मासा गळाला लागला तरी तो ताटात येऊ नये, इतके ते पाणी दूषित आहे.

तुटलेला वा काढून टाकलेला तंगूस काठावर सोडला तर तो कुजत नाही. पाणकावळे आणि बगळे त्यात पाय अडकून मरतात. काठावर चरणारी शेळी गवताबरोबर तो गिळते. तळ्याच्या प्रवेशाशी अरुंद तोंडाचा एक डबा ठेवावा आणि जुना दोर त्यातच टाकण्याची अट शुल्काच्या पावतीवर छापावी. डबा भरला की दोर कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करून मगच कचऱ्यात द्यावा. तो जाळू नये.